भाच्याची टेरेस

माझ्या भाच्याने इंग्लंडात, समुद्रकाठच्या एका खेड्यात घर घेतलं. फोनवर म्हणाला, "मामा, व्हिक्टोरियन टेरेस घेतली. संरक्षित आहे!"

मी सुशिक्षित माणूस. टेरेस म्हणजे गच्ची, संरक्षित म्हणजे कठडा असलेली आणि व्हिक्टोरियन म्हणजे राणीच्या काळातली, हे माझ्या तात्काळ ध्यानात आलं. "बरं झालं, पापड वाळत घालायची सोय झाली," असं हिने आतूनच अभिनंदन केलं.

संध्याकाळी करावे गावात गेलो. आम्ही राहतो नेरुळच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. पण मासळी आणि गप्पा या दोन जीवनावश्यक वस्तूंसाठी मला करावेच गाठावं लागतं. नाखवा ओटीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांना मोठ्या अभिमानाने बातमी सांगितली. त्यांचा हात थांबला.

"भाच्यानी गच्ची घेतली? मंग खाली घर कोनाचा?"

हा प्रश्न मला, इतका शिकूनही, सुचला नव्हता.

घरी येऊन भाच्याला फोन लावला. तो पोट धरून हसला. त्यांच्याकडे टेरेस म्हणजे एकाला एक चिकटलेल्या, एकसारख्या घरांची रांग. दोन घरांत मिळून एक भिंत.

"म्हणजे बैठी चाळ!"

"मामा, दुमजली आहे."

"मग उठून उभी राहिलेली बैठी चाळ."

चाळ म्हटल्यावर मला एकदम आपुलकी वाटायला लागली. भाच्याने फोन फिरवून सगळं घर दाखवलं. पुढे भिंतीच्या बाहेर आलेली तिपदरी खिडकी. तिथे बसलं की रस्त्याच्या दोन्ही टोकांचं दिसतं, म्हणजे शेजारधर्माची सोय शिल्पकारानेच करून ठेवलेली. खिडकीची तावदानं वर-खाली सरकतात; चौकटीच्या पोटात दोरीला वजनं टांगलेली असतात, त्यामुळे तावदान हवं तिथे थांबतं. छपरावर पाटीच्या दगडाचे पातळ तुकडे. असा दगड वेल्समध्ये निघायचा आणि रेल्वे आल्यावर देशभर जाऊ लागला. खोलीखोलीत शेगडी, म्हणून छपरावर धुरांड्यांची पलटण.

त्या मोठमोठ्या काचांमागे एक सरकारी कारण होतं. पूर्वी तिकडे खिडक्यांवर कर असे. लोक कर चुकवायला खिडक्या विटांनी बुजवत आणि अंधारात समाधानाने बसत. काचेवरचा कर १८४५ साली गेला, विटांवरचा १८५० साली आणि खिडक्यांवरचा १८५१ साली. मग मध्यमवर्गाने उजेडाची हौस भागवून घेतली. कर माफ झाल्यावर माणूस किती सौंदर्यप्रेमी होतो पाहा!

आता मात्र भाच्याच्या घरात वारा शिरतो. म्हणून त्याने प्लास्टिकच्या चौकटीची दुहेरी काचेची खिडकी बसवायचं ठरवलं, आणि तिथे 'संरक्षित' या शब्दाचा अर्थ त्याला कळला. यादीतल्या घराचं रूप बदलायचं तर आधी परवानगी. परवानगीशिवाय बदललं तर चक्क गुन्हा! १९४७ च्या नगररचना कायद्यापासून ही यादी चालू आहे. म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य दिलं त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या खिडक्यांचं स्वातंत्र्य काढून घेतलं. भाच्याचा अर्ज नामंजूर झाला. तो आता घरात स्वेटर घालून बसतो.

मला मात्र स्फुरण चढलं. दुसऱ्या दिवशी नाखवांच्या ओटीवर माझं व्याख्यान सुरू झालं. कारण नाखवांचं ते घर पाडायचं ठरलं होतं. दगडमातीच्या भिंती, पुढे ओटी, आत माजघर, सागवानी चौकट आणि वर मंगलोरी कौलं. मंगळूरला बासेल मिशनच्या माणसांनी १८६५ साली ही कौलं करायला सुरुवात केली. म्हणजे नाखवांचं छप्परही व्हिक्टोरिया राणीच्याच अमदानीतलं निघालं! कौलांच्या फटींतून चुलीचा धूर जातो, उकाडा जातो. घर श्वास घेतं. स्लॅबखाली माणूस भाजून निघतो. मुंबईत १९९५ साली वारसा-नियम झाले, गिरगावची खोताची वाडी त्या यादीत गेली, तरी तिथलीही घरं पडलीच, तेव्हा नाखवा, तुम्ही तरी...

नाखवांनी सगळं ऐकून घेतलं.

"भाच्याचे घरान मानसा किती?"

"दोन."

"माझे घरान चवदा. आनि पावसाचे आधी कौलं परतायला वर चरनार कोन? तुमी?"

मी छपराकडे पाहिलं आणि विषय बदलायचा प्रयत्न केला. नाखवांनी बदलू दिला नाही.

"त्याचा घर सरकारनी राखला. माझी जमीन सरकारनी नेली. पोरा वारली, गावठान वारला नाय. मंग घर वर नाय जानार तर कुठं जाईल?"

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या, हे मी पुस्तकात वाचलं होतं. माझी सोसायटी त्याच शहरात उभी आहे. मी नाखवांना वारसा शिकवत होतो तो कोणाच्या तरी खाचरात राहून, आणि तोही पंख्याखाली झोपून.

शिवाय एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती. अलिबागेकडचं आमचं स्वतःचं कौलारू घर आम्ही भावांनी विकलं. कागदावर सर्वांत सुवाच्य सही माझी आहे. वाट्याला आलेल्या पैशात हिचा स्वयंपाकाचा ओटा झाला.

नाखवांचं घर पडलं. आता तिथे तीन मजले आहेत आणि वर खरीखुरी टेरेस, म्हणजे आपली गच्ची. तिच्यावर सुकट वाळते. सागवानी चौकट मात्र त्यांनी नव्या घराला तशीच बसवली. कोणी अर्ज मागितला नव्हता, कोणी दंड करणार नव्हतं. मला त्यांनी एक कौल दिलं. "ठेवा. तुमाला लय परेम व्हता."

ते कौल आमच्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. परवा झाडताना मी ते जरा सरकवलं, तर आतून आवाज आला, "कोणाला विचारून?"

आमच्या घरातली एवढीच वास्तू संरक्षित आहे, पण कायदा कडक आहे.