मधला डबा

घरातलं एखादं यंत्र रुसलं की आपण आधी स्वतःलाच दोष देतो, नाही का? निदान मी तरी दिला.

संध्याकाळी मी आठवीच्या मुलांचा गणिताचा वर्ग घरूनच घेते. एका आठवड्यात तो तीनदा मध्येच तुटला. मुख्याध्यापिकाबाईंनी सौम्यपणे विचारलं, "जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला देऊ का?" रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पगार थोडासाच, पण तो माझा आहे ना!

आमच्याकडे मेश वायफायचे दोन डबे. एक दिवाणखान्यात, दुसरा ह्यांनी मागच्या खोलीत लोखंडी कपाटामागे ठेवलेला. "जिथं रेंज नाही, तिथंच डबा हवा," असं ह्यांचं म्हणणं. पण विहिरीवरून हातोहात घागरी देताना मधली बाई लांब उभी राहिली, तर पाणी सांडणारच! डब्याला स्वतःलाच रेंज मिळेना, तर तो पुढं काय देणार? त्यातून लोखंड लहरी अडवतं.

मी तो डबा मधल्या खोलीत उघड्या फळीवर आणला. जुन्या राउटरचं वेगळं वायफाय बंद केलं. मायक्रोवेव्हही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्याच लहरींवर चालतो. म्हणून वर्गाच्या वेळी त्याला सुट्टी. तुम्हाला शक्य असेल तर दोन्ही डबे तारेनं जोडा. त्याहून खात्रीचं काही नाही.

त्या दिवशी वर्ग पुरा तासभर चालला. ह्यांनी चहा आणून ठेवला, काही न बोलता. आणि मी बाईंना कळवलं, "वर्ग माझ्याकडेच राहू द्या."