लॉगबुकातले सात आणि बारा

इमारतींच्या वीजवापराचा हिशेब लावायचा आणि तो कमी कसा होईल ते सांगायचं, हे काम मी पुण्यात बरीच वर्षं करते आहे. रुग्णालयं, आयटी कंपन्या, हॉटेलं, कॉलेजं, सगळीकडे जाणं होतं. लोकांना अजूनही वाटतं की ऊर्जा ऑडिटर म्हणजे दिवे बदलायला सांगणारी बाई. पण २०१५ साली उजाला योजना आली, एलईडी स्वस्त झाले आणि दिव्यांचा प्रश्न बराचसा मागे पडला. मोठ्या वातानुकूलित इमारतीत विजेचा मोठा वाटा जातो तो थंडाव्यावर: पाणी गार करणारे चिलर, ते पाणी फिरवणारे पंप, कूलिंग टॉवर आणि मजल्यामजल्यावरचे एअर हँडलिंग युनिट, म्हणजे एएचयू. ही सगळी यंत्रं असतात तळघरात नाहीतर गच्चीवर. ज्यांच्या सहीनं वीजबिल भरलं जातं, ते तिथे क्वचितच फिरकतात.

मी मुळात इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सुरुवातीला चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी स्थापन झाली आणि तिची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. नोकरी सांभाळून तिचे चार पेपर दिले आणि ऑडिटर झाले. त्या अभ्यासात एक नियम मनात पक्का बसला. पंपाचा वेग वीस टक्के कमी केला की त्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. चिलरच्या बंद चक्रात पाणी उंच चढवायचं ओझं नसतं, त्यामुळे तिथे हा नियम चांगला लागू पडतो. तरीही आपल्याकडे कितीतरी प्लांट रूममध्ये पंप पूर्ण वेगानं पळतो आणि त्याच्या पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असतो. एका हातानं वीज ओतायची आणि दुसऱ्या हातानं अडवायची, असा तो प्रकार.

नियम पुस्तकात होता. व्हॉल्व्हवर हात कोणाचा असतो आणि तो हात का हलत नाही, हे मात्र मला एका रुग्णालयात कळलं.

ऑडिटचं खरं मोजमाप मी रात्री करते. इमारत झोपलेली असताना ती किती वीज घेते ते पाहिलं, की दिवसाचं कोडं निम्मं सुटतं. त्या रात्री प्लांट रूममध्ये एक वयस्कर ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांचं लॉगबुक उघडलं तर दर तासाला एकच नोंद: चिलरमधून जाणारं पाणी ७ अंश, परत येणारं १२ अंश. पानामागून पान सात आणि बारा. माझ्या थर्मामीटरवर परतीचं पाणी ९ अंश दिसत होतं. याचा अर्थ पाणी वॉर्डांपर्यंत जात होतं आणि पुरेशी उष्णता न घेताच माघारी येत होतं. गरजेपेक्षा जास्त पाणी फिरवलं जात होतं.

“मामा, परतीच्या लाइनवरचा गेज कधीपासून बंद आहे?”

“मी आलो तेव्हापासून, मॅडम. रजिस्टरात लिहिलंय. कोणी बघितलं नाही. पण सकाळी रकाना रिकामा दिसला तर ओरडा बसतो, म्हणून भरतो.”

मग ते आपणहून बोलू लागले. रात्री दोन पंपांची गरज नसते, एकावर भागतं. ओपीडी संध्याकाळी बंद होते, पण तिथले एएचयू पहाटेपर्यंत चालतात. कोणत्या मजल्यावर गारवा जास्त होतो आणि नर्स कुठे खिडकी उघडतात, तेही त्यांना माहीत होतं. मी यंत्रं लावून जे शोधणार होते, त्यातलं बरंचसं मामांनी चहा पितापिता सांगून टाकलं.

“मग बंद का करत नाही?”

“बंद केलं आणि स्पेशल रूमच्या पेशंटनं तक्रार केली तर? साहेब एजन्सीला बोलणार आणि एजन्सी मला घरी बसवणार. चालू ठेवलं म्हणून आजवर कोणी बोललेलं नाही.”

हे ऐकल्यावर माझ्या अहवालाचा क्रमच बदलला. पंपांना वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह बसवा आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, हे लिहिलंच. ऑपरेशन थिएटरबद्दल मी फार जपून लिहिलं. शस्त्रक्रिया नसताना तिथे दर तासाला होणारे हवेचे बदल एक चतुर्थांशापर्यंत खाली आणायला रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांची मुभा आहे, पण खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्तच राहिला पाहिजे आणि पंखा चोवीस तास फिरला पाहिजे. तिथे बचतीपायी हात आखडणं मला मान्य नाही. पावसाळ्यात चिलरच्या पाण्याचं तापमान वाढवू नका, हेही लिहिलं. हवेतला ओलावा निघाला नाही तर भिंतींना बुरशी धरते.

पण या सगळ्याच्या वर पहिली शिफारस होती एका कागदाची. कोणता एएचयू किती वाजता बंद करायचा, हे वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीनं प्लांट रूमच्या भिंतीवर लावा. आणि खाली एक ओळ: या सूचनेनुसार यंत्र बंद केल्यावर तक्रार आली, तर जबाबदारी ऑपरेटरची नाही. ड्राइव्हच्या लाखांच्या खर्चाला मंजुरी लवकर मिळाली. त्या एका ओळीसाठी मात्र मला पुन्हापुन्हा बैठकांना बसावं लागलं. शेवटी सही झाली, नवे गेज लागले आणि पुढच्या बिलांत फरक दिसला. लॉगबुकात आता ७ आणि ११ येऊ लागले, कधी साडेअकरा. नोंदी खऱ्या होत्या.

काही काळानं देखभालीचं कंत्राट सर्वात कमी बोली लावणाऱ्या दुसऱ्या एजन्सीकडे गेलं. मामा गेले. नवी मुलं आली. त्यांना कोणी काही समजावलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी सगळं चालू ठेवलं. ड्राइव्ह ऑटोवरून काढून पूर्ण वेगावर टाकले गेले. बिल चढलं तेव्हा मला पुन्हा बोलावलं आणि नव्या चिलरचे दर विचारले. मी लिहून दिलं: आधीचा ऑपरेटर परत आणा, त्याला कायम करा, नव्या मुलांना त्याच्या हाताखाली शिकू द्या, मग चिलरचं बघू. रुग्णालयानं ते अर्धं मानलं. मामा परतले, पण एजन्सीमार्फतच. बिल पुन्हा उतरलं. नोकरी मात्र आजही कंत्राटी आहे, आणि हे मला पटलेलं नाही.

तुमच्या हाती एखादी इमारत असेल, मग ती रुग्णालय असो, कॉलेज असो की हाउसिंग सोसायटी, तर ऑडिटरला बोलावण्याआधी एकदा रात्रपाळीला तिथे जा. ऑपरेटरला विचारा, यातलं काय बंद करता येईल? तो सांगेल ते त्याच्या नावासह लिहा आणि तुमच्या सहीनं भिंतीवर लावा.