तिसरं उत्तर

प्रोग्रॅमिंग शिकताना फंक्शन ही गोष्ट आपण फार गृहीत धरतो. नाव लिहायचं, कंसात लागेल ती माहिती द्यायची. मग एकतर उत्तर येतं, नाहीतर एरर. कॉलेजच्या चार वर्षांत मला तिसरी शक्यता कुणी शिकवली नाही.

नोकरीत पहिल्याच आठवड्यात जीआरपीसी समोर आलं आणि मी हरखून गेलो. एका प्रोटो फाइलमध्ये लिहायचं, की सर्व्हरकडे कोणती फंक्शन्स आहेत, त्यांना काय द्यायचं, काय परत मिळेल. त्यावरून दोन्ही बाजूंचा कोड आपोआप तयार होतो. क्लायंट कोटलिनमध्ये आणि सर्व्हर गोमध्ये असला तरी चालतं. क्लायंटकडे त्याच नावाचं एक डमी फंक्शन येतं, त्याला स्टब म्हणतात. तो माहितीचे बाइट्स करून नेटवर्कवरून पाठवतो. पलीकडचा कोड ते उलगडून खरं फंक्शन चालवतो आणि उत्तर त्याच वाटेनं परत येतं. आपल्याला दिसते फक्त एक साधी ओळ.

पण त्या एका ओळीत अंतर लपलेलं असतं. आपल्याच मशीनमधलं फंक्शन बोलवायला काही नॅनोसेकंद पुरतात. सर्व्हर १३ हजार किलोमीटरवर अमेरिकेत असेल, तर फायबरमधल्या प्रकाशालाच जाऊन-येऊन सुमारे १३० मिलिसेकंद लागतात. बरं, उशीर परवडतो. खरी अडचण उत्तर येतच नाही तेव्हा होते. निरोप जाताना हरवला, की काम झाल्यावर उत्तर येताना हरवलं? की सर्व्हर अजून कामच करतोय? क्लायंटला तिन्ही सारखंच दिसतं.

हे मला कळलं ते डिझेलच्या पैशांमुळे. आमचं अ‍ॅप ट्रकमालकांसाठी होतं. मालक घरबसल्या ड्रायव्हरच्या कार्डावर पैसे टाकायचा. आमचा सर्व्हर पैशांच्या सर्व्हरला आरपीसी करायचा आणि पाच सेकंदांत उत्तर आलं नाही, तर स्क्रीनवर यायचं, ‘व्यवहार अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.’ मी जॉइन होण्याच्या आधीपासून ते तसंच होतं.

एक दिवस एका मालकाची तक्रार माझ्याकडे आली. ड्रायव्हरनं आठ हजार जास्तीचे उचलले, म्हणून त्यानं त्याचा पगार अडवून ठेवला होता. ड्रायव्हरचं म्हणणं, शेठनं परतीच्या डिझेलचेही पाठवले असं वाटलं, म्हणून टाकी भरली. मी लॉग काढला. पहिल्या कॉलला आम्ही पाचव्या सेकंदाला ‘अयशस्वी’ म्हटलं होतं. पलीकडे तो सातव्या सेकंदाला व्यवस्थित पूर्ण झाला होता. मालकानं पुन्हा बटण दाबलं, पुन्हा आठ हजार गेले. खोटं कुणीच बोललं नव्हतं. खोटी होती ती आमच्या स्क्रीनवरची ओळ. मी मालकाला फोन करून दोन्ही वेळा वाचून दाखवल्या. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “म्हणजे पोरगा खरंच बोलत होता.” त्या आठवड्यात पगार सुटला.

नंतर मी जुने शोधनिबंध वाचले. झेरॉक्स पार्कमधल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्येच स्पष्ट लिहून ठेवलंय, की उत्तर आलं तर काम नेमकं एकदा झालं. नाही आलं तर ते एकदा झालं असेल किंवा झालंच नसेल, आणि त्यातलं कोणतं हे कळणार नाही. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी बजावलं, की दूरचं काम जवळचं असल्याचा आव आणू नका. जीआरपीसीही ‘डेडलाइन एक्सीडेड’बद्दल हेच सांगतं: ही एरर आली तरी काम पूर्ण झालेलं असू शकतं.

उपायाचा तांत्रिक भाग सोपा होता. प्रत्येक व्यवहाराला क्लायंटनंच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि पुन्हा प्रयत्न करताना तोच पाठवायचा. सर्व्हरनं तो क्रमांक आधी पाहिला असेल, तर पैसे न हलवता जुनंच उत्तर द्यायचं. मग कॉल दहादा केला तरी पैसे एकदाच जातात.

जास्त वाद झाला तो स्क्रीनवरच्या वाक्यावर. ‘माहीत नाही’ म्हटलं तर लोकांचा अ‍ॅपवरचा विश्वास उडेल, असं मीटिंगमध्ये दोघा-तिघांचं मत होतं. मी ड्रायव्हरची ती तक्रार वाचून दाखवली. शेवटी ठरलं, ‘पैसे पोचले का, हे अजून कळलेलं नाही. पुन्हा पाठवू नका, आम्ही तपासून कळवतो.’ आणि खरंच तपासणारं एक काम मागे लावलं.

आता कुणी नवी प्रोटो फाइल दाखवायला आणली, की फील्डची नावं मी नंतर बघतो. आधी विचारतो, या कॉलचं उत्तर आलंच नाही, तर समोरच्या माणसाला आपण काय सांगणार आहोत?