रिसीव्हर कानाला लावून

गाडीत मला झोप लागत नाही. म्हणून २०१९च्या डिसेंबरात मडगावहून गोवा एक्स्प्रेसने भोपाळला मावशीकडे निघालो, तेव्हा मुलीने मोबाईलवर गाजलेल्या गुन्ह्यांच्या गोष्टी भरून दिल्या. वाचायच्या नव्हेत, ऐकायच्या. हल्ली हे पेव फुटले आहे. कोणी जुने खटले धुंडाळतो, पोलीस अधिकाऱ्यांना बोलते करतो आणि भाग पाडून सांगतो. दूधसागर मागे पडला, काळोख झाला आणि मी कानात बोळे घातले.

पहिली गोष्ट आमच्याच घरची, महानंद नाईकची. २००९ साली शिरोड्याचा हा माणूस पकडला गेला आणि लग्नाचे आमीष दाखवून त्याने १६ बायका मारल्याचे पोलिसांनी सांगितले तेव्हा आख्खा गोवा सुन्न झाला होता. पुढे काही खटल्यांत जन्मठेप, काहींत पुराव्याअभावी सुटका. त्या बायका बहुतेक गरीब घरच्या, लग्नाचे वय उलटत चाललेल्या. मुलगी घरातून गेली की 'पळून गेली' म्हणून गप्प बसणारा समाज आपलाच. निवेदक मात्र या वाटेला फिरकला नाही. त्याला दुपट्ट्यात रस होता.

दुसरी गोष्ट जोशी-अभ्यंकर खुनांची. गाडी पुण्यात शिरली तेव्हा उजाडायचे होते आणि कानात नेमके तेच पुणे चालू होते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात १० खून. मारणारे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शहा यांना २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात फाशी झाली. त्या काळी पुण्यात संध्याकाळनंतर रस्ते ओस पडत, हे आमच्या पिढीने पुण्याच्या नातेवाइकांकडून ऐकले आहे. सांगणाऱ्याचा आवाज कमावलेला होता. नायलॉनच्या दोरीचा फास कसा बसतो ते त्याने दोनदा सांगितले, मागे तंबोऱ्यासारखे काहीतरी घुमत होते. आणि भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात मारले गेलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण? 'एक वृद्ध संस्कृत पंडित'. संपले. संस्कृत व्याकरणाचा कोश करणारा माणूस तो, ज्याच्या वडिलांनी पतंजलीचे महाभाष्य मराठीत आणले आणि ज्याने त्याला प्रस्तावनेचा एक स्वतंत्र खंड जोडला. जक्कल कसा हसायचा हे मला त्या तासाभरात कळले. शास्त्रीबुवा कसे बोलायचे, हे नाही. घरातल्या मोलकरणीच्या वाट्याला तर एकच वाक्य आले.

खोटे कशाला सांगू, मी तरीही ऐकत राहिलो. भुसावळ गेले, खांडवा गेले, ऐकतच होतो.

मावशीचे घर कोटरा सुल्तानाबादला, दुसऱ्या मजल्यावर. मावशी लग्न होऊन भोपाळला आली ती कायमची. तिचे मराठी म्हणजे निम्मे फोंड्याचे, निम्मे हिंदी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेथी निवडत होती आणि मी मोबाईल टेबलावर ठेवून पुढचा भाग लावला होता. तिने जरा वेळ ऐकले आणि म्हणाली, "हे कोण रे इतकं मजेत सांगतंय, माणसं मेल्याचं?"

मी बंद केले. मग जरा वेळाने तिच म्हणाली, "तुला असलंच ऐकायचं असेल तर करोंदला जा. तिथं फोन उचलून ऐकतात."

मावसभाऊ मला स्कूटरवर घेऊन गेला. शहराच्या उत्तरेला, बेरसिया रस्त्यावरच्या हाउसिंग बोर्ड कॉलनीत एक साधे घर, त्यात 'रिमेंबर भोपाल' संग्रहालय. गॅसकांडाला ३० वर्षे झाली तेव्हा, डिसेंबर २०१४मध्ये, ते सुरू झाले होते. गॅसपीडितांनीच उभे केलेले, सरकारचा किंवा कंपन्यांचा पैसा न घेता. भिंतीवर त्या घरांतल्या साध्यासुध्या वस्तू, कपडे, फोटो, आणि शेजारी जुन्या धर्तीचा टेलिफोन. रिसीव्हर उचलायचा, कानाला लावायचा, की ज्याची ती वस्तू त्याच्या घरचे माणूस बोलू लागते. मागे संगीत नाही. कोणी खोकते, कोणी मध्येच थांबते, आणि थांबलेले तसेच ठेवले आहे. एक बाई आपल्या मुलाबद्दल बोलता बोलता गप्प झाली, तेव्हा मला वाटले फोन बिघडला. मी रिसीव्हर ठेवायला गेलो आणि ती पुन्हा बोलू लागली.

आता कोणी म्हणेल, गॅसकांड हा अपघात, त्याला खुनांच्या पंगतीत कशाला बसवता? पण कागद काय सांगतात ते पाहा. डिसेंबर १९८१मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार मेला. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी त्या धाग्याने आत शिरले आणि १९८२मध्ये आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात त्यांनी लेखांमागून लेख लिहून शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसल्याचे बजावले. १९८४च्या जूनमध्ये 'जनसत्ता'तही लिहिले. कोणी ऐकले नाही. २ डिसेंबरच्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरले. खऱ्या अर्थाने शोध घेणारा माणूस गुन्ह्याच्या आधीच पोचला होता, असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. केसवानी २०२१च्या मे महिन्यात कोविडने गेले.

आणि आरोपी? वॉरन अँडरसनला ७ डिसेंबर १९८४ला अटक झाली आणि त्याच दिवशी जामीन. सरकारी विमानाने त्याला दिल्लीला पोचवले, तो पुन्हा कधी आला नाही, २०१४मध्ये अमेरिकेत म्हातारपणाने मेला. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांवरचा आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणावर आणला, आणि ७ जून २०१०ला सात जणांना २ वर्षे कैद व प्रत्येकी १ लाख रुपये दंड झाला. लगेच जामीनही. भरपाई वाढवून मागणारी केंद्राची याचिका मार्च २०२३मध्ये फेटाळली गेली. कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा हलायला २०२५ साल उजाडले.

या गोष्टीत जक्कलसारखा हसणारा कोणी नाही. सांगायला उरले ते फक्त ज्यांच्यावर गुदरले तेच. त्यामुळे असेल कदाचित, त्या फोनमधले बोलणे वेगळे वाटले.

संध्याकाळी परतलो तो मनात बेत घेऊनच. आपणही असे काही करावे, मावशीपासून सुरुवात करावी. त्या रात्री ती टी. टी. नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये होती, एवढे घरात सर्वांना माहीत होते. वारा त्या बाजूचा नव्हता, म्हणून ती वाचली. त्यापुढे कोणी विचारलेच नव्हते.

मी विचारले. ती कुकरला शिट्टी लावता लावता बोलू लागली. पहाटे रस्त्याने माणसे येत होती, डोळ्यांवर ओली फडकी धरून. एक बाई दाराशी आली, पाणी मागत होती. मावशीचे यजमान दौऱ्यावर, घरात दोन लहान मुले. कशाने काय झाले हे कोणालाच माहीत नव्हते, रोग म्हणावा की काय. मावशीने कडी काढली नाही. "ती दार वाजवत होती रे," मावशी म्हणाली. "जोरात नाही. असं... आणि खोकत होती." तिने टेबलावर बोटाने वाजवून दाखवले. "किती वेळ ते नाही सांगता येणार. मग आवाज थांबला. सकाळी दार उघडलं, तर कोणी नव्हतं."

मी हळूच मोबाईल पुढे सरकवला आणि रेकॉर्डिंगचे बटण दाबले. विचारले नाही. तिने ते पाहिले.

मावशी गेल्या वर्षी गेली. दिवसकार्याला तिची मुले जुने फोटो काढून बसली होती, कोणी म्हणाले आईचा आवाज कुणाकडे आहे का? माझ्याकडे आहे. अकरा सेकंदांचे. कुकरची शिट्टी, आणि मग "बंद कर ते." मी ते कोणाला ऐकवलेले नाही. हे लिहावे की नाही, यावरही बरेच दिवस घालवले, शेवटी तिच्या थोरल्या मुलाला विचारले. त्याला त्या बाईची गोष्ट माहीत नव्हती. तो त्या रात्री घरातच होता, सहा वर्षांचा. म्हणाला, "दार वाजल्याचं मला आठवतं. मला वाटायचं, स्वप्न असेल."