तांबडी शाई

लातूरच्या आमच्या कॉलेजात माझी तांबडी शाई प्रसिद्ध आहे. निबंधात ‘काहून’ दिसले, की ते खोडून मी ‘का’ लिहितो. भाषा कशी लख्ख हवी!

परवा नांदेडला एक जुना विद्यार्थी भेटला. तो कार्बनच्या नळ्यांवर संशोधन करतो. केसाहून हजारो पट बारीक अशा ह्या नळ्यांकडे १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमांनी जगाचे लक्ष वेधले. पुढे त्या आपल्या आरतीतल्या कापरापासूनही तयार झाल्या!

पण नळ्यांबरोबर काजळी येते, आणि त्या वाढवायला वापरलेल्या लोखंडाचे किंवा निकेलचे कणही. पुष्कळ कण कार्बनच्या कवचात दडलेले. म्हणून आधी हवेत बेताने तापवायचे. काजळी अगोदर जळते, कवच फुटते. मग नायट्रिक आम्लात उकळायचे, धातू विरघळतो.

“मग भरपूर उकळावं!” मी म्हणालो.

तो हसला. “नाही सर. आम्ल जास्त झालं, की नळीच्या भिंतीलाच भोकं पडतात. कुठं थांबायचं, तेच शिकतोय.”

परतताना बसमध्ये आठवले. ह्याच मुलाने पहिल्या वर्षी आपल्या आजीवर निबंध लिहिला होता. आजीच्या तोंडचा प्रत्येक शब्द मी शुद्ध करून दिला होता. त्यानंतर त्याने मला काही लिहून दाखवले नाही.

आज वह्यांचा गठ्ठा पुढे आहे. पहिल्याच पानावर ‘काहून’ भेटले. मी पेनचे टोपण काढले, आणि तो निबंध आधी शेवटपर्यंत वाचला.