दोन चाकं, दोन बाटल्या आणि वरंध घाट

पुणे–भोर–महाड. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, दोन दिवस, एक अख्खा घाट. सायकलवरून हा रस्ता केलात तर पाण्याकडे बघायची नजर बदलते, हे आधीच सांगून ठेवते!

वीकेंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लोणावळा, एक्स्प्रेस वेवरचा ट्रॅफिक, चिक्कीची पाकिटं आणि सोमवारी सकाळी परत तीच मीटिंग. जिवाला थोडा बदल हवा असेल तर सायकल काढा. पहाटे कॅम्पात जाऊन कॉफी पिऊन आठला घरी येतो, ती चक्कर नव्हे. मागच्या कॅरिअरला दोन पिशव्या लावून, वाटेत मुक्काम करत, घाट उतरून थेट कोकणात जाणारी टूर. मी आणि माझी एक बँकवाली मैत्रीण डिसेंबरात हा रस्ता करून आलो. आमच्यापैकी कुणीही ॲथलीट वगैरे नाही. आठवड्यातून तीनदा सिंहगड रस्त्यावर तासभर सायकल चालवणं, एवढीच काय ती तयारी.

कात्रज : वॉर्म-अप

शहरातून बाहेर पडायचं ते जुन्या कात्रज घाटाने. नव्या बोगद्याचा बायपास ट्रकवाल्यांना लखलाभ. जुना घाट चढाला बरा, वळणावळणाचा आणि पहाटे जवळजवळ रिकामा. पायथ्याशी कात्रजचा तलाव लागतो. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी इथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळांतून पार शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत नेलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार! त्या दिवशी मला हे फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं. पुढच्या दोन दिवसांत मात्र रस्ता जिथे तिथे पाण्याशीच आणून सोडत होता.

जुना बोगदा ओलांडला की पलीकडे मस्त उतार. मग हायवेच्या कडेने खेड शिवापूर. टोलनाक्यावर मोटारींची रांग आणि आपण बाजूने फुकटात पुढे, हा आनंद शब्दांत सांगता येत नाही. कापूरहोळला उजवीकडे वळलं की हायवेचा गोंगाट एकदम बंद होतो. दोन्ही बाजूंना शेतं, अधूनमधून वडाची मोठाली झाडं आणि ताशी पंधराचा निवांत वेग.

भोर : राजवाडा आणि मिसळ

भोर म्हणजे पंतसचिवांचं संस्थान. १९४८ साली ते विलीन झालं, पण गावाचा तोरा अजून थोडा संस्थानीच आहे. राजवाडा बघाच. सिनेमावाल्यांनी तो इतक्या वेळा वापरलाय की आत गेल्यावर ‘हे कुठे तरी पाहिलंय’ असं वाटत राहतं. नाश्ता स्टँडजवळ उरका. मिसळ, वर जादा पाव, दोन चहा. सायकलवर डाएट हा शब्द उच्चारायचा नसतो.

गावाजवळच भाटघर धरण आहे. १९२०च्या दशकात पूर्ण झालेलं हे दगडी धरण गव्हर्नर लॉईड यांच्या नावाने ओळखलं जायचं. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. धरण वेळवंडी नदीवर, पण पाण्याचा मोठा वाटा पुढे नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटणकडे जातो. थोडक्यात, पाऊस भोरचा आणि ऊस तिकडचा.

नीरेच्या काठाने

भोर सोडलं की खरी टूर सुरू होते. महाडचा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला निळंशार पाणी. रस्ता सपाट दिसतो, पण तो सपाट नाही. सतत वर-खाली, वर-खाली. मोटारीत हे कळतच नाही. सायकलवर मात्र प्रत्येक चढ मांड्यांना स्वतंत्रपणे कळतो. इथे गिअरचं गणित कामाला येतं. पुढच्या लहान चकतीला आणि मागच्या मोठ्या चकतीला सारखेच दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकही एकदाच फिरतं. वेग अगदी पायी चालल्यासारखा होतो, पण सामानासकट माणूस वर चढतो. जोर लावायचा नाही, पाय फिरवत राहायचे. एवढा एकच मंत्र पुरे.

दुपारी दोनच्या सुमारास आमच्या बाटल्या संपल्या. हॉटेल नाही, टपरी नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाला पाच-सहा घरांची वाडी होती. पहिल्या घराच्या ओट्यावर एक आजी पावटे सोलत बसल्या होत्या.

“कुठनं आलाय गं पोरींनो?”

“पुण्यावरनं, आजी.”

“सायकलीवर? घरात गाडी न्हाय का?”

“आहे की.”

“मग?”

या ‘मग’चं उत्तर आम्हा दोघींकडेही नव्हतं. मैत्रीण रोज बँकेत लोकांना गुंतवणुकीचे फायदे पटवून देते, पण इथे तिचीही बोलती बंद. आजी हसल्या, आत गेल्या आणि कळशी घेऊन आल्या. आधी गुळाचा खडा, मग पाणी. आम्ही ढसाढसा प्यायलो, बाटल्याही भरून घेतल्या. पैसे विचारायची हिंमत झाली नाही, आणि ते बरंच झालं.

समोर खाली धरण चमकत होतं. मी सहज म्हटलं, “तुम्हाला काय, पाण्याला तोटाच नाही.”

“आत्ता हाय. चैतात ये, मंग बघ. टँकर येतो तवा हंडा भरायचा.” धरणाकडे न बघताच त्या म्हणाल्या, “ते खाली हाय, आमी वर.”

भोरच्या वरच्या वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात हे मी बातम्यांत वाचलं होतं. इथे पाऊस कोसळतो, पण काळ्या कातळावरून, तीव्र उतारावरून पाणी थांबत नाही, वाहून जातं. धरणातलं पाणी वर चढवायला पंप, वीज आणि पैसा लागतो. नानासाहेबांच्या नळांचं नशीब की पुणं उताराला होतं! त्या क्षणी मला माझ्या दोन भरलेल्या बाटल्या जरा जड वाटल्या. डिसेंबरातलं पाणी आजींनी सहज दिलं. एप्रिलमध्ये हाच तांब्या किती किमतीचा असेल?

त्या रात्री आम्ही धरणाच्या वरच्या अंगाला एका घरी राहिलो. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि साडेआठला झोप. शनिवारच्या रात्री मी एवढ्या लवकर शेवटची कधी झोपले होते, आठवत नाही.

घाटमाथा : इकडचा थेंब, तिकडचा थेंब

दुसऱ्या दिवशी शिरगावला थांबा. नीरेचा उगम इथला. इथून निघालेली नीरा पूर्वेला जाते, नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. इथून थोडंच पश्चिमेला पडलेला थेंब मात्र सावित्रीतून अरबी समुद्रात जातो. शाळेत ‘जलविभाजक’ हा शब्द पाच मार्कांसाठी पाठ केला होता. इथे तो चक्क सायकलवरून ओलांडता येतो.

मग वाघजाईचं देऊळ, माकडं, भजीच्या टपऱ्या आणि समोर कोकणाची दरी. वर कावळ्या किल्ला. घाटाचा रस्ता या किल्ल्याला मधोमध कापूनच काढलाय. देवळाजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. घाट चढून आलेल्या वाटसरूची तहान हा तेव्हाही नियोजनाचा विषय होता तर! गरम कांदाभजी हाणा आणि उताराला लागा.

उतरताना एक पथ्य पाळा. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. वळणाआधी दाबायचा, वळणात सोडायचा. दगडगोटे, वाळू, समोरून येणारी एसटी, तिन्हींचा मान राखा. माझेरी, वरंध अशी गावं मागे पडत जातात आणि हवा दमट, उबदार होत जाते. बारसगावाहून फाटा घेतला तर शिवथर घळ. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला तो इथेच, अशी परंपरा आहे. पावसाळ्यात घळीच्या तोंडावर मोठा धबधबा कोसळतो. डिसेंबरात तो शांत असतो, आणि मला तरी ती शांतता जास्त आवडली.

महाड : शेवटचा घोट

दुपारी महाड. बहुतेक सायकलवाले इथून रायगडाचा फोटो काढायला धावतात. जरूर जा. पण त्याआधी गावातल्या चवदार तळ्यावर जा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह इथे आले आणि त्यांनी या तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं. नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता, पण तो कागदावरच होता. प्यायला गेलेल्या माणसांवर त्या दिवशी हल्ले झाले. पुढे कोर्टात दावा चालला आणि मुंबई हायकोर्टाने हक्क मान्य केला तो १९३७ साली. एका ओंजळीसाठी दहा वर्षं!

मी तळ्याच्या पायरीवर बसले तेव्हा आजींनी दिलेलं पाणी बाटलीच्या तळाशी थोडं उरलं होतं. आदल्या दिवशी आम्ही एका अनोळखी दारात उभ्या राहिलो आणि पाणी मागितलं. त्यांनी नाव विचारलं नाही, आडनाव तर नाहीच. मला ते किती साधं वाटलं होतं! ते साधं व्हावं म्हणून या पायऱ्यांवर काय घडलं, हे आपण पुस्तकात वाचून सोडून देतो. सव्वाशे किलोमीटर तहानलेल्या घशाने आलं की ते वेगळं कळतं. ते उरलेलं पाणी मी तिथेच बसून पिऊन टाकलं.

निघण्याआधी…

सीझन : ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दरडींमुळे घाट बंद ठेवतात, एरवीही कामं चालू असतात. आधी चौकशी करा.

सायकल : गिअरची हायब्रिड किंवा एमटीबी. दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान बरोबर हवंच. गावातल्या दुकानात तुमच्या मापाची ट्यूब मिळेलच असं नाही.

खाणं : केळी, चिक्की, खजूर. भूक लागायच्या आधी खा.

परतीला : महाडहून एसटी. टपावर कॅरिअर असलेली गाडी बघा, कंडक्टरशी गोड बोला आणि लगेजचं भाडं भरा.

आणि हो, वाडीवर पाणी मागितलंत तर दोन मिनिटं ओट्यावर बसा. ‘मग?’चं उत्तर सुचलं तर त्यांना सांगा. मला अजून सुचलेलं नाही.