शंभूराजांची आजी

सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या वाड्यात १२ जानेवारीच्या पहाटे पाय ठेवायला जागा नसते. बाया येतात, कडेवर लेकरं घेऊन येतात. कुणी पोराला जिरेटोप घातलेला, कुणी पोरीला नऊवारी नेसवलेली. १५९८ साली जिथे जिजाऊ जन्मल्या, त्या जागेपुढे माथा टेकवून लेकराला सांगतात, "शिवबाची माय हाये ही."

खरंच आहे ते. पण मला या वाड्यात आठवते ती शंभूराजांची आजी. तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

५ सप्टेंबर १६५९. राजगडावर शंभूराजांच्या आई सईबाई गेल्या. शंभूबाळ जेमतेम सव्वादोन वर्षांचं. अफझलखान स्वराज्यावर चालून आलेला, लेकाचा जीव पणाला लागलेला, आणि साठी उलटलेल्या जिजाऊंच्या मांडीवर आई नसलेलं पोर. ज्या वयात सुनेच्या हाती घर सोपवून बाईने देवदेव करावं, त्या वयात त्यांनी आईपण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तोवर काय काय सोसलं होतं त्यांनी! १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात वडील आणि भाऊ दग्याने मारले गेले. तेव्हा शिवबा पोटात होते. म्हणजे ज्या माहेरी पहिलटकरणीसारखं लाडाने यावं, ते सिंदखेडचं माहेरच एका दिवसात उजाड झालं. पुढे थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडला. नातवाला त्याचंच नाव ठेवलं होतं. गेलेल्या लेकाच्या नावाने रोज नातवाला हाक मारायची, आणि आवाज कापू द्यायचा नाही, हे बळ कुठून आणलं असेल या बाईने?

१६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि आठ वर्षांचं ते पोर मुघल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत पाठवावं लागलं. पुढच्याच वर्षी आग्रा. लेक आणि नातू दोघेही औरंगजेबाच्या कैदेत, आणि इकडे राज्याचा कारभार जिजाऊंकडे. सुटका झाल्यावर महाराज आधी राजगडावर पोचले. शंभूराजांना मथुरेत ठेवून यावं लागलं होतं, ते मागाहून आले. मधले ते दिवस आजीने कसे काढले असतील, ते ज्या घरचं लेकरू वेळेवर परतलं नाही त्या घरच्या म्हातारीलाच कळेल.

'बुधभूषण'सारखा संस्कृत ग्रंथ लिहिणारा, तलवारीइतकीच लेखणी चालवणारा राजा या आजीच्या नजरेखाली वाढला. माझ्या मते जिजाऊंच्या आयुष्याचं हे दुसरं मोठं काम आहे, आणि ते पहिल्याहून सोपं मुळीच नव्हतं. उतारवयात रायगडावरचा गार वारा सोसेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याला पाचाडला वाडा बांधला. ६ जून १६७४ रोजी त्यांनी लेकाचा राज्याभिषेक पाहिला, नातवाला युवराज झालेलं पाहिलं. अकरा दिवसांनी, १७ जूनला, पाचाडला त्यांनी डोळे मिटले. समाधी तिथेच आहे.

आपल्या वऱ्हाडात आज कितीतरी घरी आई कापूस वेचायला जाते, बाप कामासाठी पुण्या-मुंबईला असतो, आणि लेकरांची शाळा, ताप, रुसवेफुगवे सारं आजीच निभावते. येत्या १२ जानेवारीला सिंदखेडला याल, तेव्हा लेकरांबरोबर त्या आजीलाही घेऊन या, आणि वाड्याच्या दारातून आधी तिला आत जाऊ द्या.